ड्रमसेट नसला तरी चालेल

मालवणच्या मुलांनी विचारलंय, तिघांच्या फोक पंक (लोकसंगीत आणि पंक रॉकची सरमिसळ) बँडला ड्रमसेट लागतोच का? नाही लागत. व्हायोलंट फेम्स या अमेरिकन बँडचंच बघा. मिलवॉकीतले हे तिघे रस्त्यावर वाजवायचे, 1981 मध्ये प्रिटेंडर्स या रॉक बँडच्या गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉटने ऐकलं आणि त्याच रात्री त्यांना मंचावर संधी मिळाली. पहिला अल्बम 1983 चा. त्यांचा ड्रमर व्हिक्टर डीलोरेंझो उभा राहून एक स्नेअर (खाली तारा लावलेला उथळ ड्रम) आणि 'ट्रान्साफोन' वाजवायचा, म्हणजे फ्लोअर टॉमवर (जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम) पालथी घातलेली पत्र्याची टोपली, आणि हातात ब्रश!

आपल्याकडे पत्र्याचं घमेलं घ्या. ते टॉमवर नुसतं ठेवलं की सरकतं आणि खडखडतं, म्हणून काठाखाली तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबचे तुकडे द्या. टॉमला प्लास्टिकचं पान असू द्या. पावसाळी हवेत ढोलकीचं कातडं सैल पडून सूर उतरतो, प्लास्टिकचा फारसा हलत नाही.

खरी अडचण बेसची. फेम्सच्या ब्रायन रिचीसारखा अकूस्टिक बेस (पोकळ खोक्याची, खालच्या सुरांची गिटार) उघड्यावर ऐकूच जात नाही आणि पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र) लावून आवाज वाढवला की पोकळ खोका घुमून शिट्टी मारतो. साउंडहोल, म्हणजे खोक्याचं गोल भोक, रबरी झाकणाने बंद करा, स्पीकर वादकांच्या पुढे ठेवा. खाऱ्या हवेने तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की खालच्या बाजूनेही सुती फडक्याने पुसा.

आणि दशावतार जवळून ऐका. पेटी, पखवाज, झांज, एवढ्यावर रात्रभर नाटक उभं राहतं. झांज कुठे गप्प बसते तिकडे खास लक्ष द्या.