मदत हवी आहे : राजापूरकडची कातळशिल्पं आणि जुनी देवळं

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर आईला घेऊन तीन दिवस रत्नागिरी-राजापूरकडे जातोय. कशेळीचा कनकादित्य आणि संगमेश्वरजवळच्या कसब्याचा कर्णेश्वर नक्की आहेत. अडलंय ते कातळशिल्पांपाशी.

मागे कशेळीच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या कातळी पठारावर, भर दुपारी पोचलो होतो. समोर नुसता काळपट जांभा, काही म्हणता काही उमगेना. ऊन कललं, खोदलेल्या रेषांत सावली भरली आणि तो अवाढव्य हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले मासे, प्राणी एकेक करून दिसायला लागले. अंगावर काटा आला. आईला नेमकं तेच दाखवायचंय.

बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे एका दिवसात निवांत होतील का? देवाचे गोठण्याला भार्गवरामाच्या देवळाकडून सड्यावर चढावं लागतं आणि आईचे गुडघे दुखतात. गाडी जवळ नेणारा दुसरा रस्ता आहे का? तिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, ते तिला फार बघायचंय. नोव्हेंबरात गवतामुळे शिल्पं झाकलेली असतात का?

गावातलं कुणी जाणकार सोबत मिळालं तर फारच बरं, नकळत रेषांवर पाय पडायला नको.