विषातील फॉस्फोलायपेज पेशीपटलाला कसे चिकटते?

प्रश्न: सर्पविषातील फॉस्फोलायपेज ए२ हे विकर (एन्झाइम) पाण्यात विरघळते. सुट्या मेदरेणूंवर त्याची क्रिया मंद असते, परंतु तेच रेणू पटलात असले की वेग कैक पटींनी वाढतो. हे कसे घडते?

उत्तर १: विकर पटलात बुडत नाही, पृष्ठभागावर टेकते. क्रियास्थळाच्या तोंडाभोवती जलद्वेषी अमिनो आम्लांचे कडे असते. ते पटलाला भिडले की मेदरेणू पाण्यात न येता थेट खाचेत सरकतो, कॅल्शियम आयन त्याचा फॉस्फेट गट धरून ठेवतो आणि विकराच्या साखळीत ४८ व्या स्थानावरील हिस्टिडिन या अमिनो आम्लाने सक्रिय केलेला पाण्याचा रेणू ग्लिसेरॉलच्या दुसऱ्या कार्बनवरील एस्टर बंध तोडतो. मला यातील सर्वांत विलक्षण वाटते ती ही नेमकी पकड.

उत्तर २: यातून मेदाम्ल आणि लायसोफॉस्फोलिपिड, म्हणजे एकच मेदाम्ल-शेपटी उरलेला मेदरेणू, सुटते, व त्याच्या शंकूसारख्या आकारामुळे पटलाची रचना ढासळते. साचलेल्या मेदाम्लांचा ऋण प्रभार विकराला अधिक घट्ट बांधतो, म्हणून सुरुवातीला रेंगाळलेली क्रिया एकाएकी वेग घेते.

प्रश्नकर्ता: म्हणजे बंध तुटला नाही, तर पटल सुरक्षित राहते का?

उत्तर १: नाही. काही घोणसवर्गीय सापांच्या विषातील या विकराच्या रूपांत ४९ व्या स्थानी अस्पार्टिक आम्लाऐवजी लायसिन असते. त्यांना कॅल्शियम धरता येत नाही, तरीही ती स्नायुपेशींचे पटल फोडतात.