इफ-एल्स, लूप, अ‍ॅरे व्हिडिओत कळतात, स्वतः लिहायला बसलं की डोकं बंद. काय करू?

अर्धवट_कोडर:
मंडळी, दोनेक महिने झाले जावास्क्रिप्ट शिकतोय, त्याआधी प्रोग्रामिंगचा गंधही नव्हता. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मान डोलावतो, आणि कोरी फाइल उघडली की ठणठणाट. सध्या खर्चाची नोंद करणारं एक छोटंसं पान बनवतोय, प्रॉम्प्टमधून (ब्राउझर विचारतो ती छोटी चौकट) रक्कम आणि प्रकार घ्यायचा, शेवटी प्रत्येक प्रकाराची बेरीज दाखवायची, बास एवढंच. प्रकार अकरा आहेत म्हणून अकरा व्हेरिएबल (किंमत ठेवायचे नाव दिलेले डबे) आणि अकरा एल्स-इफ झालेत आणि एवढं करून बेरीज भलतीच, १२० आणि ८० टाकले की येतं ०१२०८०. कुठला कोर्स करू? की आधी डेटा स्ट्रक्चरचं जाडजूड पुस्तक घेऊ?

सेमीकोलन:
आधी बेरीज. प्रॉम्प्टमधून जे येतं ते स्ट्रिंग असतं, म्हणजे नुसता मजकूर, आकडा नाही. आणि + च्या एका बाजूला जरी स्ट्रिंग दिसली तरी तो बेरीज सोडून चिकटवत सुटतो. शून्याला १२० चिकटलं, त्याला ८०. वजाबाकीत मात्र गपचूप आकडा करून घेतो, म्हणून तर माणूस जास्तच गोंधळतो. रक्कम हातात आल्याआल्या नंबर फंक्शनमधून काढ. फक्त त्याआधी नल (null, म्हणजे काहीच नाही) आहे का ते बघ, कारण कोणी कॅन्सल दाबलं तर प्रॉम्प्ट नल देतो आणि नलचा नंबर शून्य होतो, तुला कळणारही नाही.

तुलनेला === वापर. == ला शून्य आणि रिकामी स्ट्रिंग सारखीच वाटते.

नवा कोर्स नको. एमडीएनवरचं (MDN, वेब तंत्रज्ञानाच्या माहितीची साइट) जावास्क्रिप्ट गाइड घे, त्यात कंट्रोल फ्लो आणि लूपची प्रकरणं आहेत तेवढी हाताने टाइप करत वाच. सरावाला फ्रीकोडकॅम्प, फुकट आहे.

रात्रपाळी:
मी जरा वेगळं बोलतो. तुझी अडचण इफची नाहीच रे, डेटा ठेवायची आहे. अकरा डबे मांडलेस, मग कुठल्या डब्यात टाकू हे विचारायला अकरा इफ लागणारच ना. एकच ऑब्जेक्ट घे, प्रकाराचं नाव ही की (key, शोधायची चावी) आणि बेरीज ही व्हॅल्यू (त्या नावाखाली ठेवलेली किंमत), सगळी माळ जाऊन एक ओळ उरते:

बेरीज[प्रकार] = (बेरीज[प्रकार] || 0) + रक्कम;

हो, व्हेरिएबलला देवनागरी नावं चालतात, आधी बेरीज = {} केलंस आणि प्रकार, रक्कम भरलेस की ही ओळ ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड लिहून लगेच चालवायची जागा) अशीच्या अशी चालेल. टीममध्ये मात्र असलं करू नकोस, शिव्या खाशील.

जाड पुस्तकाची आत्ता गरज नाही. क्रमाने एकामागून एक गोष्टी असतील तर अ‍ॅरे, नावाने शोधायच्या असतील तर ऑब्जेक्ट. हे यादीत आहे की नाही एवढंच बघायचं असेल, डुप्लिकेट नको असतील, तर सेट. की स्ट्रिंगऐवजी दुसरंच काही असेल तर मॅप. हे शेवटचे दोन २०१५ च्या आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिसणार नाहीत.

अ‍ॅरेवर फिरायला फॉर-ऑफ. फॉर-इन नको, तो किंमत देत नाही, इंडेक्स (जागेचा क्रमांक) देतो आणि तोही स्ट्रिंग म्हणून. फॉरईचमधून ब्रेक करून बाहेर पडता येत नाही, त्यात मी एकदा अख्खी दुपार घालवलीये. आणि फिरता फिरता त्याच अ‍ॅरेतून काही काढून टाकलंस की पुढचं एक सरकून मागे येतं आणि त्याला लूप शिवतच नाही.

कोरी फाइल बघून घाबरायला होतं ना, तर फाइल उघडूच नको. वही घे, तीन रकाने पाड, फेरी कितवी, रक्कम किती, ऑब्जेक्टमध्ये आता काय. चार फेऱ्या हाताने भर. ज्या रकान्यात पेन अडेल तिथेच तुझा प्रोग्राम अडणार. हे जमलं की एफ१२ दाबून ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवून बघायचा ती खूण) लाव आणि ब्राउझर तुझ्या वहीप्रमाणे चालतोय का ते बघ.

पीएचपीवाला:
आमच्याकडे बरं आहे, एकच अ‍ॅरे, यादी पण तोच आणि की-व्हॅल्यू पण तोच 😄 पण त्यामुळेच कुठे काय वापरायचं हा विचार मी कितीतरी दिवस केलाच नाही, मग जावास्क्रिप्टला आलो तेव्हा आपटलो. रात्रपाळी म्हणतायत ते खरंय.

अर्धवट_कोडर:
रात्रपाळी, दंडवत घ्या. एल्स-इफ सगळे गेले, पान निम्मं झालं. पण आता नवीनच, फोनवरून मराठी कीबोर्डने १२० टाकलं तर त्या प्रकाराची बेरीज नॅन (NaN, म्हणजे ‘आकडा नाही’) आणि नंतर अजून एक खर्च टाकला की नॅन जाऊन फक्त शेवटचीच रक्कम दिसते, आधीच्या गायब??

सेमीकोलन:
नंबर फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, त्याच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं, म्हणून नॅन. पुढची गंमत वरच्या ओळीतल्या || ची. नॅन हा फॉल्सी (‘नाही’ धरला जाणारा), मग || त्याच्या जागी शून्य घेतो आणि हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू. || च्या जागी ?? लिही, तो फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच (अजून काही भरलेलंच नाही) बदलतो, निदान नॅन लपणार तरी नाही. खरा उपाय म्हणजे बेरजेआधी नंबर.इजनॅन ने तपास आणि परत विचार.

रात्रपाळी:
ती ओळ माझीच, पकडलंत 🙈

अर्धवट_कोडर:
झालं! शेवटचं विचारतो. बेरजा मोठ्यापासून लहान लावायला ऑब्जेक्ट.व्हॅल्यूज (नुसत्या बेरजांची यादी) वर नुसतं सॉर्ट लावलं होतं. काल १०००, १२०, ८० बरोबर आलं, आज ९० चा एक प्रकार वाढला तर तो ८० च्याही खाली गेला.

सेमीकोलन:
काल नशिबाने बरोबर आलं. नुसता सॉर्ट आकड्यांनाही स्ट्रिंग समजून पहिल्या अक्षरापासून लावतो, १ मग ८ मग ९. त्याला (अ, ब) => ब - अ हे दे. आणि व्हॅल्यूज घेतल्यास तर प्रकारांची नावं हातची जातील, एन्ट्रीज (नाव आणि बेरीज अशा जोड्या) घे आणि ब[1] - अ[1] अशी वजाबाकी कर.