झाडांचे शेंडे उडवल्याने बाग सुरक्षित होते का? (सोलापूर)

बाकावरचा:
मागच्या आठवड्यात वळवाचं वादळ आलं तेव्हा आमच्या भागातल्या बागेत गुलमोहराची एक जाड फांदी रिकाम्या बाकावर कोसळली. दोन दिवसांनी ठेकेदाराची माणसं आली आणि आसपासच्या आठ झाडांचे शेंडे दहा-बारा फुटांवर सरसकट उडवून गेली. पाच कडुनिंब, दोन रेन ट्री, एक जुनी चिंच. ज्याची फांदी पडली तो गुलमोहर मात्र तसाच सोडला! मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि बागेत बसायला हातभर सावली उरलेली नाही.

पडलेल्या फांदीचं तुटलेलं टोक मी जवळून पाहिलं. बेचक्यात दोन फांद्या एकमेकींना इतक्या खेटून वाढलेल्या की मधे साल अडकून बसलेली, काळी, ओलसर. लाकडाला लाकूड तिथे कधी जुळलंच नव्हतं. त्याच झाडावर अजून एक तसंच बेचकं आहे, खाली उभं राहिलं तरी चीर दिसते. कुणी दोन मिनिटं मान वर करून पाहिलं असतं तर कळलं असतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: या छाटणीने धोका वाढला. पानं गेली की झाडाची चूल विझते. मग ते कापाच्या खालून भराभर धुमारे सोडतं. धुमारा सालीलगत फुटतो, जुन्या लाकडात खोल रुजलेला नसतो. वरचा मोठा काप भरून येत नाही. तिथून पाणी, बुरशी आणि मागोमाग वाळवी आत शिरते. काही वर्षांत मांडीएवढे जाड झालेले धुमारे कुजक्या टोकावर उभे राहतात. आजची छाटणी म्हणजे उद्याचा अपघात आहे.

दोन लेकरांची आई:
दादा, तुम्ही "रिकाम्या बाकावर" लिहिलंत. वारा सुटायच्या आधी माझी धाकटी त्याच बाकावर बसून चिरमुरे खात होती. मला लाकडाची जात कळत नाही. पण गुलमोहर आपला नव्हे, मादागास्करहून आलेला, लाकूड ठिसूळ, हे आमच्या वडलांनीही सांगितलेलं. झोक्यापासून चार पावलांवर असलं झाड ठेवायचंच कशाला? काढा, आणि दुसरं लावा. वळीव काय विचारून येतो का ओ?

पेठकर:
ताईंशी सहमत. झाड परत लावता येतं.

बाकावरचा:
लावता येतं, पण जगवता येतं का? राज्याच्या झाडं जपायच्या कायद्यात २०२१ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून तोडलेल्या झाडाचं वय जेवढं, तेवढी रोपं लावायची असा नियम आहे. पन्नास वर्षांचं झाड गेलं तर पन्नास रोपं. आपल्या पावसावर, आपल्या उन्हाळ्यात त्यांना रोज पाणी कोण घालणार? वर्षभराने नुसते पिंजरे उभे राहतात, आत काही नसतं.

नर्सरीवाला:
तुम्ही सगळे वर बघताय, मी खाली बघा म्हणतो. त्या बागेत गेल्या वर्षी पाइपलाइनसाठी चर खणली, रेन ट्रीच्या बुंध्यापासून जेमतेम दोन फुटांवर. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. एका बाजूची जाड मुळं तोडली की झाडाला त्या बाजूने धरायला काही उरत नाही. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वर बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचा आदेश हरित लवादाने २०१३ मध्येच दिला होता. इथे बुंध्याला श्वास घ्यायला वीतभरही जागा नाही.

बुंधा पोकळ म्हणजे झाड मेलेलं, असंही समजू नका. पाइपही पोकळच असतो. भोवतीचं चांगलं लाकूड किती जाड उरलंय ते बघायचं. लाकडी हातोड्याने ठोकत गेलं की आवाज कुठे बदलतो ते कळतं. बुडाशी बुरशीच्या कानासारख्या कडक छत्र्या आल्या असतील तर मात्र मुळं सडत असल्याची खूण. असलं झाड मी स्वतः काढा म्हणेन.

आणि फांदी कापायचीच तर तीन कापांनी. आधी खालून थोडी चीर, मग जरा पुढे वरून पूर्ण काप, म्हणजे वजन खाली येताना बुंध्याची साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी गळ्याशी, म्हणजे फांदी बुंध्याला मिळते तिथल्या फुगीर भागाशी कापायचा, गळा राखून. त्या गळ्यातूनच जखम मिटते. वरून डांबर-रंग फासायची गरज नाही.

हिशोबी:
सगळं मान्य, पण करणार कोण? शिडी, करवत, रोजंदारी. दोराशिवाय, हेल्मेटशिवाय वर चढणाऱ्या पोराचा विचार कुणी केला? झाडांसाठी तो १९७५चा कायदा आहे, परवानगी लागते, लागायलाच हवी. पण परवानगी येईपर्यंत झाड कुणावर पडलं तर जाब बाग सांभाळणाऱ्या एकाच माणसाला विचारतात. तो बिचारा सगळ्यांचे शेंडे उडवून मोकळा होतो, कारण ते दिसतं. तपासणी दिसत नाही. माझ्या मते ज्याची मुळं तुटलीत तो रेन ट्री रीतसर परवानगी काढून पूर्ण काढावा. अर्धवट ठेवून दरवर्षी भीती कशाला?

बाकावरचा:
मुळं तपासून मगच ठरवावं, पण तुमचा मुद्दा पटतो. ताई, झोक्याजवळच्या गुलमोहराबाबत मीही माझं म्हणणं मागे घेतो. ते दुसरं बेचकं आधी उतरवायलाच हवं. पण कोपऱ्यातल्या चिंचेचं काय? म्हातारी माणसं सांगतात ती त्यांच्या लहानपणापासून आहे. पन्नास वर्षांपुढचं झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरतं. तिच्याखाली ना बाक, ना वाट. पडली तरी गवतावर पडली असती. धोका झाड आणि खालचं माणूस, दोघं मिळून होतो. चिंचेला हात न लावता चाललं असतं, आणि गुलमोहराखालचा बाक हलवायला अर्धा तास पुरला असता.

दोन लेकरांची आई:
बाक हलवा, चांगलं आहे. पण माझं समाधान एवढ्याने होत नाही. कुठलं झाड कुणी, कोणत्या तारखेला तपासलं, ते लिहून बागेच्या फाटकावर लावा. झाडाला खिळा ठोकून नव्हे, फाटकावर. तो कागद दिसला तर मी लेकरं पाठवीन.

नर्सरीवाला:
रविवारी सकाळी सातला येतो. हातोडा माझा, वही तुम्ही आणा. सुरुवात गुलमोहरापासून. लेखी नोंद करून संबंधित खात्याकडे अर्जासोबत देऊ.

दोन लेकरांची आई:
मी येते. तोवर झोके वर बांधून ठेवा कुणीतरी, पोरं ऐकत नाहीत.