मुलांच्या खेळातल्या दुखापती: तुमच्याकडे काय काळजी घेतली गेली?

तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धा लागल्या की मुलं एकाच आठवड्यात शाळेसाठी, क्लबसाठी आणि गल्लीच्या संघासाठीही खेळतात. लागतं, सुजतं, आणि घरी कळतं ते मूल लंगडायला लागल्यावर. मला वाटतं, संघातली जागा जाईल ही भीती दुखण्यापेक्षा मोठी असते, म्हणून मुलं गप्प राहतात. ती भीती तुम्ही कशी कमी केलीत? दुखापत टळावी म्हणून मैदानावर काय बदललंत? लागल्यावर पहिल्या तासात काय केलंत? पालक, शिक्षक, वस्ताद, डॉक्टर आणि खेळणारी मुलं, सगळ्यांनी लिहा. "काळजी घ्यावी" एवढंच नको, तपशील हवेत.

वेगवान गोलंदाजाची आई, ठाणे

मुलगा नववीत. वर्षभरात उंची झपाट्याने वाढली आणि त्याच सुमारास कमरेत डाव्या बाजूला दुखायला लागलं. मागे वाकला की कळ, बसला की बरं. फिजिओथेरपिस्टने त्याला एका पायावर उभं राहून मागे वाकायला लावलं आणि लगेच एमआरआयला पाठवलं. मणक्याच्या हाडावर ताण आला होता, पण चीर पडायच्या आत सापडलं. काही महिने गोलंदाजी पूर्ण बंद.

कारण शोधताना लक्षात आलं की शाळेचे सर, क्लबचे सर आणि खासगी कोच, तिघेही आपापल्या जागी बेताचीच षटकं टाकून घेत होते. बेरीज कुणीच करत नव्हतं. आता एक वही आहे. नेट्समधला चेंडूसुद्धा तिच्यात लिहिला जातो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने 15 वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी बरीच वर्षं सलग 6 आणि दिवसाला 12 षटकांची मर्यादा ठेवली होती, आम्ही तीच धरली. वही आम्ही स्वतः तिन्ही सरांना दाखवतो. "सर, आज नको" असं पोराने म्हणणं आणि वहीने म्हणणं यात फार फरक आहे. 2022 चा टी20 विश्वचषक बुमराहला पाठीच्या दुखापतीमुळेच हुकला, हे सांगितल्यावर मुलगाही थांबायला राजी झाला.

मुलींच्या कबड्डी संघाची प्रशिक्षक, सांगली जिल्हा

गुडघ्याबद्दल लिहिते. उडी मारून उतरताना आणि झटकन दिशा बदलताना आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो, आणि वयात आलेल्या मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त होतं. चढाई करणारी पाय रोवून वळते, त्याच क्षणी बाजूने पकड येते आणि गुडघा आत जातो. तुटला तर शस्त्रक्रिया आणि मैदानाबाहेर साधारण वर्षभर. कित्येक मुलींचा खेळ तिथेच संपतो, कारण घरचे पुन्हा पाठवत नाहीत. हे मला फार लागतं.

आमच्याकडे सरावाची पहिली वीस मिनिटं याचीच. उडी मारून गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. एका पायावर तोल. मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. फुटबॉलमध्ये फिफाने असाच क्रम बसवला आहे आणि तो नेमाने करणाऱ्या संघांत दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या आहेत. स्पर्धेच्या सकाळीही तो चुकत नाही. शिवाय मॅटचे तुकडे नीट जुळलेत का ते मी स्वतः चालून बघते, फटीत अंगठा अडकतो.

धागाकर्ती: ताई, मातीवर सराव आणि स्पर्धा मॅटवर, असं असेल तर?

प्रशिक्षक: माती थोडी सरकू देते, मॅट पाय धरून ठेवते. त्यामुळे स्पर्धेआधी काही दिवस तरी मॅट मिळवायचीच, आणि त्याच बुटांत. अनवाणी सराव करून आयत्या वेळी नवे बूट घालायचे नाहीत.

अस्थिरोगतज्ज्ञ, मराठवाडा

एकच विनंती. मूल पडलं, कोपर सुजलं, तर तेल लावून चोळू नका आणि ओढून बसवू देऊ नका. लहान मुलांचं कोपराच्या वरचं हाड सहज मोडतं. चोळल्याने स्नायूत हाड धरतं आणि कोपर आखडतं. कामट्या करकचून बांधल्या तर रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटं गार, निळसर किंवा बधिर पडली, सरळ करताना मूल ओरडलं, तर बांधलेलं जागीच सैल करा आणि तडक रुग्णालय गाठा. तोवर वर्तमानपत्राच्या जाड घडीचा सैल आधार पुरतो.

दंतवैद्य, नाशिक

पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे या. दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलीची आई, न्यू जर्सी

इथे डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी मूल त्या दिवशी परत खेळत नाही, आणि नंतर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय येत नाही. झॅकरी लिस्टेट हा 13 वर्षांचा मुलगा 2006 मध्ये वॉशिंग्टन राज्यात डोक्याला मार बसल्यावर पुन्हा खेळला आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं. 2009 मध्ये त्याच्या नावाने तिथे कायदा झाला, मग इतर राज्यांतही. 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, करू देत नाहीत. गावाकडे भाचा पडला तेव्हा फोनवर हेच सांगितलं: शुद्ध गेली नसली तरी तोच तोच प्रश्न विचारतो का, ओकतो का, उजेड सोसत नाही का, ते बघा.

तालमीतला जुना मल्ल, कोल्हापूर

आमच्या हौद्यात तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल पडतं. माती रोज उकरायची, दाबून बसली की पोरांची मान आणि खांदा जातो. अंगावर चट्टा दिसला की लढत बंद. वजनगटासाठी वाढत्या पोराचं पाणी तोडायला आमच्या वस्तादांनी कधी परवानगी दिली नाही.

खो-खो खेळाडू, बारावी

आठवीत गुडघ्याखाली हाडावर टेंगूळ आलं. आमचे सर सराव सुरू होण्याआधी प्रत्येकीला "आज कुठे दुखतंय?" विचारायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, सांगितलं म्हणून कुणाचं नाव यादीतून जाणार नाही. म्हणून मी बोलले. धावणं कमी केलं, खांबावर सूर मारणं थांबवलं, पण संघासोबत बसायचे. हाडाच्या वाढीमुळे होतं, असं डॉक्टर म्हणाले. आता धाकट्या भावाची टाच दुखते. तेही तसंच असेल का?

फिजिओथेरपिस्ट, पुणे

त्या वयात बहुधा तसंच असतं, पण तपासून घ्या. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखते का बघा. बुटाचा तळवा पातळ असेल तर बदला, पोटरी ताणायचे व्यायाम सुरू करा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा सूज-ताप असेल तर थांबू नका, दुसऱ्याच दिवशी दाखवा.