द्वाड, बेरकी की थापाडी?

मंडळी एक शब्द अडलाय. भाचीला रोज रात्री फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) मराठीत सांगतेय. नायिका लायरा, अकरा-बारा वर्षांची, ऑक्सफर्डच्या कॉलेजात विद्वानांमधे वाढलेली पण दिवसभर छपरांवर चढणार, वीटभट्टीवाल्यांच्या पोरांशी चिखलात लढाया करणार आणि तोंड उघडलं की थाप. इंग्रजीत अशा पात्राला 'रोग' म्हणतात (आजारवाला नव्हे!), मराठीत काय म्हणू?

– द्वाड किंवा वांड. मुलगा असो मुलगी असो, शब्द बदलत नाही हा फायदा. उनाड नको, मुलगा उनाड म्हणजे नुसता हुंदडतो, मुलीला उनाड म्हटलं की शेजारीपाजारी कुजबुजायला लागतात, हे फार अन्यायाचं आहे पण शब्दाला ते चिकटलंय खरं. अवखळ तर फारच नाजूक, झऱ्याला शोभतो.

– आमची आजी इब्लिस कार्टी म्हणायची. मूळ अरबी, इब्लीस म्हणजे सैतान, पण तिच्या तोंडी निव्वळ कौतुक असायचं. भामटी मात्र कृपया वापरू नका. भामटा हे एका समाजाचं नाव आहे, विमुक्त जातींच्या यादीत आहे, इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्याचा वास त्या शब्दाला अजून येतो.

– भामटीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत, काल मी तोच वापरला होता, आज सुधारून सांगते. पण द्वाडमधे मस्ती आली, डोकं कुठे आलं? ती अस्वलांच्या राजाला, योफुरला, पटवते की मी योरेकची, म्हणजे त्याच्या प्रतिस्पर्धी अस्वलाची, डेमन आहे (डेमन म्हणजे त्या जगात माणसासोबत प्राण्याच्या रूपात वावरणारा त्याचा आत्मा), आणि त्याला स्वतःची डेमन हवी असते म्हणून तो फसतो.

– मग बेरकी? नको, बेरकी माणूस मनात हिशोब करतो, वयानेही मोठा वाटतो. मी थापाडी म्हणेन. थाप रचावी लागते, ऐकणाऱ्यालाही मजा येते. खोटारडी म्हटलं की मात्र नातंच तुटतं. या मालिकेच्या तिसऱ्या भागात (२०००) मृतांच्या जगात लायरा रचलेली गोष्ट सांगायला जाते तेव्हा हार्पी (अर्धी बाई, अर्धा पक्षी) तिच्यावर झडप घालून 'लायर', म्हणजे खोटारडी, असं ओरडते, लायरा आणि लायर एकच होऊन जातं. हा नाद मराठीत येणार नाही, पण तिथे खोटारडी ठेवा आणि तोवर सगळीकडे थापाडी, भाचीला फरक कानाने कळेल. पुढे तीच लायरा मृतांना त्या चिखलातल्या लढाईची खरी गोष्ट सांगते आणि हार्पी गप्प बसून ऐकतात, तिथे विशेषणच नको.

– हे पटलं! आता योरेक तिला सिल्व्हरटंग नाव देतो त्याचं काय? चांदीची जीभ म्हटलं तर भाची विचारेल दुखत नाही का. गोडबोली म्हटलं तर लाडीगोडी वाटते, अस्वलाच्या तोंडी शोभत नाही.

– 'रुपेरी जिभेची लायरा' करून बघा, मोठ्याने म्हणून. अस्वल सावकाश बोलतं, लांब नाव चालेल त्याला.