एच-४ ईएडी: बायकोची नोकरी नवऱ्याच्या फायलीला किती दिवस टांगून ठेवायची?

शेवग्याची शेंग (धागाकर्ती)

१४ जानेवारीला संध्याकाळी साडेचार वाजता लॅबचा बॅज काढून सुपरवायझरच्या हातात दिला. मला कुणी काढलं नाही, मी सोडलंही नाही. माझं ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, त्या दिवशी संपलं, एवढंच. नवीन कार्ड दाखवल्याशिवाय १५ तारखेपासून कामावर यायचं नाही, असं एचआरने आधीच बजावलं होतं. रजा बिनपगारी. मार्चअखेर कार्ड आलं नाही तर जागा दुसऱ्याला. ओहायोत राहते, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं झाली, रात्रपाळ्यांसकट.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-४ वर. नुसत्या एच-४ वर काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एवढी सोय झाली की मुख्य व्हिसावाल्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीनकार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर असेल, किंवा त्या मंजुरीच्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढलेला असेल, तर जोडीदाराने आय-७६५ हा फॉर्म भरून ईएडी मागावं. आमचा आय-१४० मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१८ ची. सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ भारत ही आमची रांग अजून कित्येक वर्षं मागेच घुटमळतेय. ग्रीनकार्ड कधी, हे कृपया विचारू नका. आई दर रविवारी विचारते, तेवढं पुरे.

व्हिसाचं एक्स्टेंशन नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाने नोव्हेंबरात भरलं. नवऱ्याचं प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून, तीन आठवड्यांत आलं. माझे आय-५३९ (एच-४ ची मुदत वाढवायचा फॉर्म) आणि आय-७६५ त्याच्याच सोबत गेले होते, ते अजून पडून आहेत. मधली दोन वर्षं कोर्टातल्या एका तडजोडीमुळे हे सगळे अर्ज एकत्र निकालात काढायचे. जानेवारी २०२५ मध्ये त्या तडजोडीची मुदत संपली. रिन्यूअल अडकलं तरी जुन्या कार्डावर मिळणारी आपोआप मुदतवाढ होती, ५४० दिवसांपर्यंतची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना तीही नाही.

कंपनीने बदलीवर अमेरिकेत पाठवलेल्यांच्या, म्हणजे एल-२ वाल्या, बायकांना नोव्हेंबर २०२१ च्या तडजोडीनंतर वेगळं कार्डच लागत नाही. आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीवर, एल-२एस असं छापलेलं असलं की कामावर हजर. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, तर नवऱ्यांच्या व्हिसाचं अक्षर. माझं म्हणणं सरळ आहे: राहायची परवानगी दिलीत ना, मग काम करायची परवानगी तिच्यातच धरा.

जुना खेळाडू

धागा वाचला. सहानुभूती आहे, पण हक्काची भाषा पटली नाही.

आम्ही १९९९ ला न्यू जर्सीत आलो. तेव्हा एच-४ ला ईएडी हा प्रकारच नव्हता. सौ. एमएस्सी केमिस्ट्री, पुण्यात कॉलेजवर शिकवत होती. इथे नऊ वर्षं घरी बसली. मुलं वाढवली, गाडी शिकली, मजेत होती. ग्रीनकार्ड आलं, मग नोकरी केली. आम्ही मोर्चे काढले नाहीत. डिपेंडंट व्हिसा या शब्दातच डिपेंडंट आहे, आणि विमानात बसायच्या आधी तो सगळ्यांनी वाचलेला असतो.

दुसरं म्हणजे तुम्ही मंडळी दोन पगारांवर घर घेता, दोन गाड्या घेता आणि मग त्यातला एक पगार सरकारच्या एका नियमावर उभा आहे हे विसरता. २०१९ मध्ये हा नियम रद्द करायचा प्रस्ताव पार व्हाइट हाउसच्या छाननीपर्यंत गेला होता. २०२१ मध्ये मागे घेतला म्हणून वाचलात. २०१५ पासून कोर्टात खटला चालू होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला तेव्हा कुठे निकालात निघाला. म्हणजे दहा वर्षं डोक्यावर तलवार होती. घर बांधायला हीच जागा सापडली?

नर्मदेचा गोटा

खेळाडूकाका, तलवार होती हे खरं, पण तिच्याखाली बसून लोकांनी दहा वर्षं टॅक्सही भरलाय.

मात्र शेंगताईंची एक चूक दुरुस्त करतो. आपोआप मुदतवाढ असती तरी तुमची नोकरी वाचली नसती. एच-४ वाल्यांना ती आय-९४ च्या तारखेपर्यंतच मिळायची. तुमचं आय-९४ आणि कार्ड एकाच दिवशी संपलं असणार, बहुतेकांचं तसंच असतं. नवं आय-९४ हातात आणि फक्त कार्ड रखडलंय, अशांनाच तिचा उपयोग.

खरा घोळ वेगळा आहे. एच-१बी चं एक्स्टेंशन सहा महिने आधी भरता येतं. १४ जानेवारीला संपणार होतं तर जुलैच्या मध्यात पाकीट जायला हवं होतं. वकील नोव्हेंबरपर्यंत काय करत होता? नियमाला शिव्या घालण्याआधी त्याला फोन करा.

शेवग्याची शेंग

तारखा बरोबर ओळखल्यात, एकाच दिवशी संपलं. मुदतवाढीचं म्हणणं मागे घेते.

पण वकिलाला फोन कुणी करायचा? तो कंपनीचा वकील आहे. अर्ज माझा, सही माझी, नोकरी माझी जाणार, आणि मी ईमेल केलं तर उत्तर येतं की कर्मचाऱ्यामार्फत संपर्क साधावा. ऑगस्टपासून नवऱ्याच्या मागे लागले होते. तो मॅनेजरच्या मागे, मॅनेजर एचआरच्या मागे, एचआर वकिलाच्या मागे. मारुतीच्या शेपटीसारखं लांबत गेलं. तुम्ही ज्याला घोळ म्हणता, त्यालाच मी टांगून ठेवणं म्हणतेय.

घरजावई

टेक्सास. मी एच-४ वर, बायको एच-१बी वर. हो, आम्हीही असतो. २०१५ च्या नियमाखाली कार्ड घेणाऱ्यांत दहातल्या नऊहून जास्त बायका आणि तितकेच भारतीय, हे खरं. उरलेल्यांत मी.

कार्ड मिळायच्या आधीची दोन वर्षं सांगतो. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून टॅक्सच्या कागदांसाठी आयटीआयएन काढला. ड्रायव्हिंग लायसन्स आय-९४ च्या तारखेपर्यंतच. भारतातल्या जुन्या कंपनीचं काम इथे घरून करावं म्हटलं, तर दोन वकिलांनी हात जोडले. सांगलीला लग्नकार्यात मामेसासरे सगळ्यांसमोर विचारायचे, “मग जावईबापू, सध्या काय?” मी सांगायचो, विश्रांती.

काकांचा मुद्दा मला अर्धा पटतो. आम्ही एका पगारावर बजेट बांधलं, दुसरा बँकेत. त्यामुळे माझं कार्ड गेल्या वर्षी तीन महिने लटकलं तेव्हा रडारड झाली नाही. पण बजेट सांभाळता येतं. तीन महिन्यांनी परत गेलो तेव्हा माझं प्रोजेक्ट दुसऱ्याकडे होतं, त्याचं बजेट कसं बांधायचं?

चाकण चौक

बाहेरून वाचतोय, पुण्यातूनच. जरा उलटं बघू.

आमच्या पट्ट्यात जर्मन, कोरियन इंजिनियर एम्प्लॉयमेंट व्हिसावर येतात. त्यांच्या बायका एंट्री व्हिसावर येतात, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. आमच्याकडच्या एका साहेबांची बायको शाळेत शिकवायला तयार होती, शाळाही तयार होती. व्हिसा बघून शाळेने नमस्कार केला. ती रोज सोसायटीच्या बागेत चकरा मारायची. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसालाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मागायला नोंदणीकृत लग्नाची दोन वर्षं पुरी व्हावी लागतात. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी धागे काढले?

आणि तो खटला कुणी भरला होता, ते कुणीच लिहिलं नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीतले आयटीवाले होते ते. स्वतःच्या जागी येणाऱ्या एच-१बी वाल्यांना शिकवून मग घरी गेलेले. हरले ते कायद्याने, पण त्यांचं दुःख खोटं नव्हतं.

शेवग्याची शेंग

@चाकण चौक, त्या बाईंनाही काम करू द्यावं. माझं मत पासपोर्टाच्या रंगाप्रमाणे बदलत नाही.

खटलेवाल्यांची जागा नवऱ्यांनी घेतली म्हणा हवं तर. मी रक्ताच्या बाटल्या बघते. आमच्या लॅबमध्ये दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत, आता तीन.

इंद्रायणी तांदूळ

म्युनिक. अमेरिकेच्या धाग्यावर जर्मनीचं सांगतेय, पण तुलनेला उपयोगी पडेल.

नवरा ब्लू कार्ड या कुशल नोकरीच्या परवान्यावर असेल तर बायकोला भाषेची परीक्षा न देता व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं. माझ्या कार्डावर तसं छापलंय. कार्ड आलं त्या दिवशी आम्ही श्रीखंड केलं, क्वार्क चक्का समजून. मग चौदा महिने नोकरी मिळाली नाही, कारण मुलाखतीला बोलावणारे सगळे बी-२ पातळीचं जर्मन मागत होते. परवाना आहे आणि काम नाही, ही अवस्थाही फार गोड नसते.

पण एक गोष्ट इथली मला फार मोठी वाटते. तीन वर्षं संसार इथे झाला की पुढे लग्न मोडलं तरी बायकोला स्वतंत्र राहायची परवानगी मागता येते. एच-४ वर घटस्फोट झाला तर?

तळजाई

तर स्टेटस संपलं, बाई. ज्या दिवशी निकाल लागतो त्या दिवसापासून तुम्ही त्याची बायको नाही, म्हणून एच-४ नाही.

नोकरी हा पगाराचा प्रश्न आहे असं काका धरून चाललेत, तिथेच माझं भांडण. मी इथे एका महिला मंडळाच्या हेल्पलाइनवर शनिवारी बसते. फोन करणारीचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा मारहाणीचं नसतं. “माझा पासपोर्ट ह्यांच्याकडे आहे आणि माझ्या नावावर खातं नाही,” असं असतं. छळ होत असेल तर एच-४ जोडीदाराला आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्म आहे, त्यात नवऱ्याची सही लागत नाही. कुणाला उपयोग असेल तर लिहून ठेवा.

आणि नवऱ्याची नोकरी गेली तर ६० दिवसांत दोघांचंही बस्तान हलतं, तिचं ईएडी तारखेने जिवंत असलं तरी. काकांच्या वेळी तर हे साठ दिवसही नव्हते, फक्त तेव्हा गमवायला बायकोची नोकरी नव्हती.

तांबडा पांढरा

कॅनडाला जा म्हणणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. २१ जानेवारी २०२५ पासून इथेही जोडीदाराचं ओपन वर्क परमिट आखडलंय. विद्यार्थी असेल तर किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, पीएचडी किंवा ठरावीक व्यावसायिक कोर्स हवा. माझ्या धाकट्या भावाने कॉलेज डिप्लोमा घेतला होता. वहिनी इचलकरंजीतच आहे.

नवी नवरी

विषयांतर होतंय, पण विचारते. डिसेंबरात लग्न झालं. पुण्यात बँकेत आहे, राजीनामा द्यायचा की बिनपगारी रजा मागायची हे ठरत नाही. नवऱ्याचा आय-१४० अजून भरलेलाच नाही. शिवाय लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेच उत्साहाने विवाह नोंदणीच्या अर्जातही गेलं. पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. भटजींची आणि तीन साक्षीदारांची सही झालीय. आता?

नर्मदेचा गोटा

नावाचं आधी निस्तरा. पासपोर्ट, व्हिसा अर्ज, आय-९४ सगळीकडे एकच नाव ठेवा. माहेरचं ठेवायचं असेल तर तसंच राहू द्या, लग्नाचा दाखला फक्त नातं सिद्ध करायला लागतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. तांदळातलं नाव देवापुरतं.

राजीनामा देऊ नका. आय-१४० नाही म्हणजे ईएडी नाही, आणि त्याआधी लेबर सर्टिफिकेशन नावाचा एक डोंगर आहे. रजा मिळत असेल तर रजा घ्या.

शेंगताई, भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून नवं आय-९४ घेऊन या, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. सध्या ऐकू नका. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-४ वाल्यांचेही सोशल मीडिया तपासतायत, लोकांच्या मुंबई वकिलातीतल्या मुलाखतीच्या तारखा कित्येक महिने पुढे गेल्यात. शिवाय देश सोडला तर प्रलंबित आय-५३९ अडचणीत येऊ शकतो.

जुना खेळाडू

नमस्कार. आयडी ह्यांचा आहे, लिहितेय मी. ते खाली बर्फ काढतायत.

“मजेत होती” हे वाचलं. नऊ वर्षांतली पाच वर्षं मी टाउन लायब्ररीत फुकट पुस्तकं लावत होते. मंगळवार आणि गुरुवार. तिथल्या बाईंनी तीनदा विचारलं, अर्धवेळ जागा आहे, घेतेस का. तिन्ही वेळा मी म्हटलं, मुलं लहान आहेत. व्हिसाचं सांगायची लाज वाटायची. ग्रीनकार्ड आलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि केमिस्ट्री विसरले होते. औषधांच्या दुकानात काउंटरवर लागले. ह्यांच्या लेखी ती “मग नोकरी केली.”

मोर्चे काढले नाहीत, हे बरोबर आहे. कुणी बोलावलंच नाही.

जुना खेळाडू

वरचं मी आत्ता वाचलं. लायब्ररीतल्या जागेचं मला माहीत नव्हतं. दोन पगारांच्या घराबद्दलचं माझं मत तेच आहे. बाकीचं जरा राहू द्या.

शेवग्याची शेंग

काकू, कुठल्या साली विचारलं होतं त्यांनी पहिल्यांदा?

माझं स्टेटस रोज सकाळी बघते, अजून “केस रिसीव्ह्ड”. टपालखातं सकाळी येणाऱ्या पाकिटांचे फोटो ईमेलवर पाठवतं. आज जाडसर पांढरं पाकीट दिसलं म्हणून चपला न घालता खाली पळाले. दाताच्या डॉक्टरचं होतं, माझा विमा ३१ जानेवारीला संपल्याचं.